पाइपचा सांगाडा आणि अंतराचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरला पाणी पैठणच्या नाथसागरातून येते, पण शहरातल्या अनेक वसाहतींत दोन पाळ्यांमध्ये कित्येक दिवस जातात. त्यामुळे घरोघर टाक्या, ड्रम, पिंपे भरून ठेवलेली असतात. मोरी आणि तिच्या बाजूचा कोपरा कधी पुरता वाळत नाही. तिथे ठेवलेल्या लोखंडी रॅकचे पाय आधी गंजतात आणि प्लायवूड फुगते. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, म्हणून मच्छरदाणीही लागते. शहरातल्या उस्मानपुऱ्यात 1960 साली सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे, रेल्वे स्टेशन जवळ आहे. शिकायला आणि नोकरीला आलेली माणसे भाड्याच्या खोलीत राहतात, तिथे घरमालकाला विचारल्याशिवाय भिंतीला भोक पाडता येत नाही आणि वर्ष-दोन वर्षांत सामान उचलून दुसरीकडे जावे लागते. अशा घरासाठी नळाच्या पीव्हीसी पाइपचा सांगाडा ही नीट विचार करून निवडावी अशी वस्तू आहे. ती लोखंडाची स्वस्त नक्कल समजून बनवली की फसते. प्लास्टिकचे गुणदोष ओळखून बनवली तर ओल्या कोपऱ्यात लोखंडापेक्षा जास्त टिकते.

पाइप बनतो तो आतल्या पाण्याचा दाब सोसण्यासाठी. याच शहरात मलिक अंबरच्या नहरीचे पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून खेळवले गेले होते. तेव्हाही नळ जमिनीत पुरलेला, चहूबाजूंनी आधार मिळालेला असायचा. रॅकमध्ये आपण त्याच पाइपला दोन टोकांवर टेकवतो आणि मधे वजन ठेवतो. ही परीक्षा अगदी वेगळी आहे. वाकण्याला विरोध करण्यात पोलाद पीव्हीसीपेक्षा साठ-सत्तर पट ताठ असते. पण घरच्या कारागिराने लक्षात ठेवायची खरी गोष्ट म्हणजे दोन आधारांमधले अंतर. वजन मध्यावर असेल तर वाक त्या अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एक इंची, शेड्यूल 40 जाडीचा पाइप एक मीटर अंतरावर नुसता टेकवला आणि मधोमध पाच किलो टांगले, तर तो साधारण एक सेंटिमीटर वाकतो. तेच अंतर अर्धा मीटर केले तर वाक जेमतेम सव्वा मिलिमीटर राहतो. दीड मीटर केले तर तीन सेंटिमीटरच्याही पुढे जातो. म्हणून जाड पाइप आणण्याआधी मधे एक पाय वाढवावा. खर्चही बहुधा कमी येतो. शिवाय पीव्हीसी ओझ्याखाली हळूहळू सरकत राहते. पहिल्या दिवशी दिसलेला वाक वर्षभरात आणखी वाढलेला असतो. डोळ्यांना आज किंचित झोल दिसत असेल तर तो रॅक पुस्तकांसाठी नाही, हे मान्य करावे. चपला, वाळत घातलेले कपडे, कुंडीतल्या वेलीचा मांडव, मच्छरदाणी हीच त्याची कामे. भरलेल्या ड्रमखाली तो कधीही ठेवू नये. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. शिडी, पाळणा किंवा माणसाने बसायचे काहीही यातून करू नये.

असे सांगाडे बहुतेक वेळा वाकून मोडत नाहीत, आधी तिरके होतात. चार पाइप आणि चार एल्बोंचा चौकोन कितीही घट्ट बसवला तरी बाजूने ढकलला की समांतरभुज होऊ पाहतो. नळसामानाच्या दुकानात 45 अंशांचे एल्बो मिळतात. टी आणि हे एल्बो वापरून मागच्या बाजूला एक तिरपी काठी टाकली की त्रिकोण तयार होतो आणि हेलकावा थांबतो. तीन दिशांना तोंड असलेला कोपऱ्याचा जोड मात्र साध्या दुकानात सहसा सापडत नाही, कारण नळाला त्याची गरज फारशी पडत नाही. टीच्या तोंडात पाइपचा छोटा तुकडा बसवून त्याला एल्बो लावला तर काम भागते. खरेदीच्या वेळी एक घोळ हमखास होतो. शेतीचा पाइप बाहेरच्या व्यासाने, मिलिमीटरमध्ये विकला जातो. घरगुती प्लंबिंगचा इंचात. 32 मिलिमीटरचा पाइप आणि एक इंची फिटिंग शेजारी ठेवले तर सारखे वाटतात, पण इंची पाइपचा बाहेरचा व्यास 33.4 मिलिमीटर असतो आणि जोड ढिला राहतो. विजेच्या तारांचा कंड्युट पाइप तर आणखी पातळ. तो रॅकसाठी घेऊच नये.

प्लंबर ज्याला सोल्युशन म्हणतात ते साध्या अर्थाने गोंद नसते. ते पाइपचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग विरघळवते आणि दोन्ही एकजीव होतात. नळासाठी हे हवेच, सांगाड्यासाठी सगळीकडे नको. दोन बाजूंच्या चौकटी पक्क्या चिकटवाव्यात. त्यांना जोडणाऱ्या आडव्या पाइपांचे जोड कोरडे ठेवून प्रत्येकात एक छोटा स्क्रू मारावा. खोली बदलताना तो काढला की रॅक दोन सपाट चौकटी आणि काही काठ्या एवढाच उरतो. एखादा पाइप तडकला तर तेवढाच बदलता येतो, सगळा रॅक भंगारात जात नाही. सोल्युशन खिडकी उघडी ठेवून, गॅस-उदबत्तीपासून दूर वापरायचे, कारण त्याची वाफ पेट घेते.

आता आक्षेप. प्लास्टिक आणखी कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा. पीव्हीसी जाळले तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू आणि डायॉक्सिनसारखी विषे निघतात. पाइप टिकाऊ करण्यासाठी शिशाची संयुगे वापरण्यावर केंद्र सरकारने 2021 साली नियमांनी बंधन आणले, म्हणजे त्याआधीच्या पाइपांत शिसे असू शकते. म्हणून जुना पाइप कापताना भुसा ओल्या फडक्याने टिपून घ्यावा, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये आणि तुकडे कधीही शेकोटीत टाकू नयेत. पण बांधकामानंतर उरलेले फूट-दोन फुटांचे तुकडे आधीच तयार झालेले असतात. त्यांचा दहा वर्षांचा उपयोग होत असेल तर ते कचऱ्यात जाण्यापेक्षा बरे. उन्हाचा आक्षेपही खरा आहे. ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास पीव्हीसी मऊ पडते आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून ताठपणा गमावू लागते. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याखाली किंवा गच्चीवर पाइप हवेपेक्षा खूप जास्त तापतो. गच्चीवरच्या मांडवाला आधार आणखी जवळ द्यावेत आणि फिकट रंगाचा हात द्यावा. त्याने पाइप कमी तापतो आणि उन्हाने पांढरा पाइप पिवळा, ठिसूळ होण्याचा वेगही मंदावतो. स्वयंपाकघरात शेगडीच्या बाजूला मात्र लोखंडच ठेवावे.