वरळीचं कासव डायनासोर नव्हतं

विहिरीच्या खोदकामात वेगळ्या आकाराचा दगड निघाला, की खेडं असो वा मुंबई, उत्तर तयारच असतं: डायनासोर! सरपटणारा आणि नामशेष झालेला प्राणी म्हणजे डायनासोर, असं सुशिक्षित माणसंही छातीठोकपणे सांगतात तेव्हा चीड येते.

आपल्या राज्यातलंच उदाहरण घ्या. 1852 साली हेन्री कार्टर या डॉक्टरने वरळीच्या खडकात सापडलेल्या, गोड्या पाण्यातल्या एका लहान कासवाचं वर्णन केलं. त्याची प्रजाती आज ‘कार्टेरेमिस’ या नावाने ओळखली जाते. मुंबईतच, आंबोलीच्या खाणीत, आणखी एका कासवाची कवटी मिळाली. गॅफनी, साहनी आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये तिला ‘संकुकेमिस’ नाव दिलं. हे कासव मान आत न ओढता आडवी वळवून कवचाखाली दडवणाऱ्या गटातलं. भारतातलं आजचं एकही मूळ कासव तसं करत नाही. तशी कासवं आता आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलियात आहेत. भारत एके काळी त्याच भूखंडांना जोडलेला होता. केवढी मोठी गोष्ट सांगते ही कवटी! आणि आपण तिला डायनासोर म्हणून मोकळे होतो.

डायनासोर आकारावरून ठरत नाही. त्याच्या कमरेच्या खोबणीला आरपार भोक असतं आणि पाय शरीराखाली सरळ उभे असतात. कासवांची शाखा वेगळी. त्यांचे जीवाश्म सुमारे 22 कोटी वर्षांपर्यंत मागे जातात.

‘मग ती डायनासोरांबरोबरच संपली असतील.’ तेही नाही. डायनासोर 6.6 कोटी वर्षांपूर्वी गेले. मुंबईच्या ज्वालामुखी खडकांचं अलीकडे मोजलेलं वय सुमारे 6.25 कोटी वर्षं आहे. म्हणजे ही कासवं बहुधा डायनासोर संपल्यानंतरची.

‘काळ्या कातळात जीवाश्म कुठले?’ लाव्हाच्या दोन थरांमध्ये हजारो वर्षांचा खंड पडे, तळी साचत, गाळ बसे. जीवाश्म त्या गाळात असतात.

‘लोणारच्या उल्केने डायनासोर मारले.’ लोणारचं विवर सुमारे 5.7 लाख वर्षांपूर्वीचं, तेव्हा डायनासोर उरलेच नव्हते. त्यांच्या काळातली धडक मेक्सिकोतल्या चिक्शुलुबची.

शेतातले सालपटं सुटणारे गोल दगडही डायनासोरची अंडी नाहीत. बेसाल्ट भेगांमधून झिजताना कोपरे आधी गळून पडतात आणि मधला गोळा उरतो.