कणा बाकदार, तरी मैदान खुले

● क्ष-किरण तपासणीत कण्याचा बाजूला गेलेला बाक १० अंश किंवा अधिक भरला, तर तो स्कोलिओसिस. दप्तराच्या ओझ्याने तो होत नाही.

● घरी पाहा : मुलाला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून पुढे वाकू द्या. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

● वाढत्या वयात साधारण २५ ते ४० अंशांच्या बाकाला पट्टा लावतात. डॉक्टरांच्या संमतीने तो खेळापुरता काढता येतो.

● नाशिकच्या सावरकर तलावात पोहा, गोदाकाठी धावा. पोहण्याने बाक सरळ होत नाही. दम आणि आत्मविश्वास मात्र वाढतो. बाकासाठीचे खास व्यायाम फिजिओथेरपिस्टकडूनच शिका.

● धावपटू उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे. मुलांना घरी बसवू नका!