धूररहित सिंगल माल्ट : धान्याच्या चवीची कसोटी

स्कॉटलंडमधील सिंगल माल्ट व्हिस्कीची व्याख्या २००९ सालच्या नियमांनी काटेकोर बांधली आहे. माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेली बार्ली, अर्थात जव. माल्ट, पाणी आणि यीस्ट एवढ्याच सामग्रीपासून एकाच कारखान्यात, घटासारख्या पात्रांतून ऊर्ध्वपातन करून काढलेले मद्य ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे स्कॉटलंडमध्येच मुरले, तरच त्याला हे नाव लावता येते. बाटलीतील मद्यार्क ४० टक्क्यांहून कमी चालत नाही आणि पाणी व साधा कॅरामल रंग यांखेरीज त्यात काहीही मिसळता येत नाही. इतक्या मोजक्या घटकांतून चवीचे एवढे प्रकार निर्माण होतात, म्हणूनच या पेयाचे मूल्यमापन ही स्वतंत्र विद्या ठरली आहे. आणि तिची खरी परीक्षा धूररहित माल्टमध्ये होते.

पीट हे दलदलीत शतकानुशतके साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे मातकट इंधन आहे. ओला माल्ट पीटच्या धुरावर वाळवला की धुरातील फिनॉल वर्गाची संयुगे दाण्याच्या टरफलाला चिकटतात आणि पुढे व्हिस्कीत राख, डांबर, औषध यांची आठवण देणारा गंध उतरतो. हे प्रमाण माल्टच्या दर दशलक्ष भागांमागे फिनॉलचे किती भाग, अशा एककात मोजतात. धूररहित माल्ट मात्र केवळ गरम हवेवर वाळवला जातो. धुरकट व्हिस्कीसाठी प्रसिद्ध असलेल्या आयला बेटावर १८४६ साली स्थापन झालेल्या कोल ईला या कारखान्याने २००६ पासून धूररहित माल्टच्या मर्यादित आवृत्त्या काढल्या, तेव्हा त्याच पात्रांतून निघणाऱ्या मद्याचा मूळ स्वभाव रसिकांना धुराच्या पडद्याविना पारखता आला. धूर नसला की किण्वनातील उणीव, ऊर्ध्वपातनातील घाई किंवा पिंपाचा दुबळेपणा झाकायला काहीच उरत नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या परंपरेचे सर्वांत जवळचे उदाहरण गोव्यात, सासष्टी तालुक्यातील कुंकळ्ळी येथे आहे. जॉन डिस्टिलरीज या कंपनीच्या तेथील कारखान्यात तयार होणारी ‘पॉल जॉन’ ही सिंगल माल्ट व्हिस्की २०१२ साली प्रथम ब्रिटनच्या बाजारात आली. ती भारतात बनत असल्यामुळे तिला स्कॉच म्हणता येत नाही, परंतु तिची घडण त्याच पद्धतीची आहे. सहा ओळींच्या कणसाची भारतीय बार्ली, तांब्याची घटपात्रे आणि बहुतांशी अमेरिकी बर्बन व्हिस्की पूर्वी मुरवलेली ओकची पिंपे ही तिची मुख्य साधने होत. तिच्या नित्याच्या उत्पादनांत ‘ब्रिलियन्स’ ही धूररहित, तर ‘बोल्ड’ ही धुरकट आहे. मास्टर डिस्टिलर मायकेल डिसूझा यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या राशिमालिकेतील ‘कन्या’ आणि ‘मिथुन’ या दोन्ही मर्यादित आवृत्त्या धूररहित आहेत. पहिलीत मद्यार्क ५० टक्के, तर दुसरीत ५८ टक्के आहे. व्हिस्की-समीक्षक जिम मरे यांच्या ‘व्हिस्की बायबल’च्या २०२१ च्या आवृत्तीत ‘मिथुन’ला जगातील तिसऱ्या क्रमांकाची व्हिस्की ठरवण्यात आले.

या यशामागे हवामानाचा वाटा मोठा आहे. पिंपाच्या लाकडातून दरवर्षी काही मद्य बाष्परूपाने उडून जाते आणि व्यवसायात या घटीला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये ही घट वर्षाला सुमारे २ टक्के असते, गोव्यात ती ८ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे सहा वर्षांत तेथे साधारण नवव्या हिश्श्याइतके, तर येथे जवळजवळ दोन पंचमांश मद्य नाहीसे होते. त्याच उष्णतेमुळे लाकडातील व्हॅनिलिन आणि नारळाचा गंध देणारी लॅक्टोन संयुगेही मद्यात लवकर उतरतात. त्यामुळे वयाचा आकडा दोन्ही प्रदेशांत सारखाच मोजता येत नाही, आणि पिंप योग्य वेळी रिकामे केले नाही तर लाकडाचा तुरटपणा धान्याच्या चवीवर कुरघोडी करतो.

म्हणूनच मूल्यमापनाची पहिली अट अशी की वय, किंमत, दुर्मीळता आणि रंग हे चारही परीक्षकाच्या दृष्टीआड ठेवावेत. रंगाचा प्रभाव पडू नये म्हणून काही परीक्षक निळ्या काचेचे पेले वापरतात. पेला खाली फुगीर आणि वर निमुळता असतो, जेणेकरून गंध तोंडाशी एकवटतो. गंध घेताना ओठ किंचित उघडे ठेवल्यास मद्यार्काचा झणका नाकात बसत नाही. व्यावसायिक परीक्षक नमुन्यात पाणी घालून मद्यार्क सुमारे २० टक्क्यांवर आणतात आणि बराचसा निर्णय केवळ नाकाने घेतात. घोट घेतला तरी तो बहुधा गिळला जात नाही, कारण दिवसभरात अनेक नमुने तपासायचे असतात. केळ्यासारखा गंध आला तर तो किण्वनात यीस्टने निर्माण केलेल्या एस्टर संयुगांचा असतो, बिस्किटाचा किंवा भाजक्या दाण्याचा गंध माल्टचा, व्हॅनिला व नारळ ओकच्या लाकडाचा, आणि उकडलेल्या कोबीसारखा वास गंधकयुक्त संयुगांचा, जी तांब्याच्या सान्निध्यात कमी व्हावयास हवी होती. अशा प्रकारे प्रत्येक गंध निर्मितीच्या एकेका टप्प्याकडे बोट दाखवतो. या गंधांची नावे सर्वांनी एकाच अर्थाने वापरावीत म्हणून स्कॉटलंडमधील संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस वर्तुळाकार चवकोष्टक तयार केले.

गुणदानाच्या पद्धती मात्र एक नाहीत. मरे हे गंध, चव, घोटानंतर रेंगाळणारी चव आणि समतोल यांना प्रत्येकी २५ पैकी गुण देतात आणि पाणी न घालता पेला शरीराच्या उष्णतेइतका कोमट करून परीक्षण करतात. कारखान्यातील परीक्षक पाण्याचा आधार घेतात, तो दोष शोधण्यासाठी. पहिली पद्धत रसिकाचा अनुभव मोजते आणि दुसरी निर्मात्याचे काम तपासते, म्हणून कोणताही क्रमांक वाचताना तो कोणत्या पद्धतीने दिला गेला हे लक्षात घेणे आवश्यक ठरते.

मराठवाड्यातील ज्वारी पिकवणाऱ्या परभणी जिल्ह्याच्या दृष्टीने या विद्येचे महत्त्व मद्यापेक्षा धान्याच्या संदर्भात अधिक आहे. खरीप ज्वारी कापणीच्या वेळी पावसात सापडली की बुरशीने दाणा काळा पडतो आणि असे धान्य स्वस्तात मद्यार्काच्या कारखान्यांकडे जाते. तेथे उंच स्तंभांतून ऊर्ध्वपातन होऊन जवळजवळ निर्गंध मद्यार्क मिळतो आणि त्यात ज्वारीची ओळख उरत नाही. सिंगल माल्टची वाट नेमकी उलटी आहे, कारण तेथे धान्याची ओळख राखण्यातच मोल आहे. चटणी न लावता खाल्लेल्या हुरड्यात दाण्याचा कोवळेपणा आणि गोडी जशी स्पष्ट कळते, तसे धूररहित माल्टमध्ये जवाचे होते.

अशा परीक्षणाची शास्त्रीय साधने परभणीला नवी नाहीत. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून येथे कार्यरत आहे, आणि रंग, गंध, चव व पोत यांना १ ते ९ गुण देणारी संवेदी मूल्यमापनाची श्रेणी अन्नतंत्राच्या अभ्यासात सर्वपरिचित आहे. याच विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेला आणि २०१८ साली प्रसारित झालेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त यांसाठी ओळखला जातो. पोषणद्रव्यांचे असे मोजमाप वाणाला प्रतिष्ठा देते; त्याच निष्ठेने चवीचे मोजमाप झाले, प्रत्येक वाणाच्या हुरड्याचा आणि भाकरीचा गंध, गोडी व पोत नेमक्या शब्दांत नोंदवला गेला, तर ज्वारीची किंमत केवळ क्विंटलवर ठरणार नाही. जवाच्या एका दाण्याला जगभर मान मिळाला तो त्याची चव जाणणाऱ्यांनी तिच्यासाठी भाषा आणि शिस्त दोन्ही घडवल्यामुळे, आणि मराठवाड्यातील ज्वारीही त्याच मानाची हक्कदार आहे.