आधी पिनकोड, मग पत्ता
संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरील ज्या रकान्यांच्या, बटणांच्या आणि सूचनांच्या आधारे वापरकर्ता यंत्राशी व्यवहार करतो, त्या रचनेला ‘इंटरफेस’ म्हणतात; ती सुटसुटीत ठेवण्याचा पहिला नियम असा की, जे यंत्राला स्वतः शोधता येते ते माणसाला विचारू नये. भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला पिनकोड सहा अंकी असून प्रत्येक क्रमांक ठरावीक टपाल क्षेत्राचा असतो; त्यामुळे अर्जात तो सर्वांत आधी विचारल्यास राज्य व जिल्हा हे रकाने आपोआप भरता येतात आणि लांबलचक यादी चाळण्याचा त्रास वाचतो. मात्र एकाच पिनकोडखाली अनेक गावे येत असल्याने, गाव निवडण्याची आणि आपोआप भरलेली माहिती दुरुस्त करण्याची सोय अर्जात ठेवलीच पाहिजे.