केंद्रक टाकून देणारी पेशी

शाळेत पेशीची आकृती काढताना केंद्रकाचा गोल चुकवून चालत नाही. तो राहिला तर मार्क गेलेच. आणि आपल्या अंगात संख्येनं सगळ्यात जास्त असलेल्या पेशीत नेमका तोच नसतो! रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. गोल, चपट्या तांबड्या पेशी दिसतात, दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेल्या. म्हणून मधला भाग फिकट आणि कड गडद. ती फिकट जागा केंद्रकाची नव्हे. आत केंद्रक नाही, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकाही नाहीत.

हाडातल्या मगजात ही पेशी घडत असते तेव्हा तिला केंद्रक असतं. हिमोग्लोबिन साठत जातं तसं ते आक्रसतं, कडेला सरकतं, आणि शेवटी पेशी त्याला बाहेर लोटून देते. शेजारची भक्षकपेशी ते गिळून टाकते. पक्षी आणि बेडूक यांच्या तांबड्या पेशी केंद्रक जपून ठेवतात. आपण सस्तन प्राणी मात्र ते टाकतो. मोकळ्या झालेल्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू मावतात आणि प्रत्येक रेणू ऑक्सिजनचे 4 रेणू धरतो. म्हणजे एका पेशीत शंभर कोटींहून जास्त. मला तर याहून विलक्षण वाटतं ते असं, की त्यातला ऑक्सिजनचा एकही रेणू ती स्वतःच्या ऊर्जेसाठी वापरत नाही. तंतुकणिकाच नाहीत, वापरणार कशानं? ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडून मिळेल तेवढ्या ऊर्जेवर ती भागवते.

केंद्रक गेल्यामुळे ती लवचीकही होते. तिची रुंदी 7-8 मायक्रॉन, आणि कित्येक केशवाहिन्या त्याहून अरुंद. तिथून ती अंग दुमडून जाते आणि पलीकडे पुन्हा गोल होते. पाणथरीत तर जेमतेम एक मायक्रॉन रुंदीच्या फटी असतात. जी पेशी म्हातारी, ताठर झाली ती तिथं अडकते आणि मोडीत निघते. तिच्यातलं लोह नव्या पेशींसाठी परत घेतलं जातं. असं सुमारे 120 दिवसांचं आयुष्य. मोडलेल्यांच्या जागी दर सेकंदाला वीसेक लाख नव्या पेशी येत राहतात.

हा लवचीकपणा किती मोलाचा, ते विदर्भातल्या किंवा नंदुरबारच्या सिकलसेलग्रस्त घरांना विचारावं. या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसतं, बदल एवढाच. पण ऑक्सिजन सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब तंतू बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी, कडक होते. मग ती केशवाहिनीत अडकते, रक्त तुंबतं, आणि हाडं फुटावीत तसं दुखतं. अशा पेशी 10 ते 20 दिवसच टिकतात, म्हणून अंगात रक्तही कमी.

आईवडील दोघांकडून हा बदल आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक असतो. बहुधा त्रास काही नाही, उलट मलेरियाच्या गंभीर आजारापासून बरंच संरक्षणच मिळतं. म्हणूनच मलेरियाच्या पट्ट्यांत हा बदल पिढ्यानपिढ्या टिकला. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. हा बदल आहे का हे पाहणाऱ्या सोल्युबिलिटी चाचणीला थोडंसं रक्त पुरतं. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस करून वाहक की रुग्ण ते कळतं. तुमच्या भागात किंवा नात्यात हा आजार असेल, तर लग्नाआधी दोघांनीही ही तपासणी जरूर करून घ्या.