अंथरूण पाहून पाय पसरावे

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. मिळकत जेवढी असेल तेवढाच खर्च करावा, हा तिचा सरळ अर्थ. परंतु ज्या घरातील अंथरूण मुळातच आखूड आहे, त्या घराने काय करावे? पाय काही कापून टाकता येत नाहीत. दोन वेळचे जेवण, अंगावर वस्त्र, डोक्यावर छप्पर, मुलांची शाळा आणि आजाऱ्याचे औषध या गोष्टी थोड्या मिळकतीच्या माणसालाही हव्याच असतात. अशा घराला तारून नेणारा गुण म्हणजे काटकसर होय.

काटकसर आणि कंजूषपणा या गोष्टी पुष्कळांना एकच वाटतात. पण त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. कंजूष मनुष्य पैसा राखण्यासाठी माणसांचे हाल करतो. काटकसरी मनुष्य माणसांचे हाल होऊ नयेत म्हणून पैसा राखतो. ज्या खर्चाने कोणाचेच भले होत नाही, तेवढाच खर्च तो शोधून बंद करतो आणि वाचलेला पैसा जेथे खरी गरज आहे तेथे मोकळ्या हाताने वापरतो.

काटकसरीची पहिली पायरी म्हणजे जमाखर्चाची वही. तालुक्याच्या गावी आजी, आई, वडील, एक मुलगी आणि एक मुलगा असे पाच माणसांचे कुटुंब राहते, असे समजू. वडील दुकानात नोकरी करतात, आई घरी शिवणकाम करते आणि दोघांची मिळून महिन्याची मिळकत १५,००० रुपये आहे. घरभाडे ३,०००, धान्य व किराणा ४,५००, दूध व भाजी २,२००, गॅस व वीज १,५००, शाळेचा खर्च १,०००, प्रवास १,००० आणि औषधपाणी ५०० रुपये. ही बेरीज १३,७०० रुपये होते. मग उरलेले १,३०० रुपये कोठे जातात? विचारले तर घरातील प्रत्येकजण म्हणेल, “किरकोळ खर्च झाला.”

या ‘किरकोळ’ शब्दाच्या पोटात पुष्कळ काही दडलेले असते. दररोजचा खर्च महिनाभर वहीत लिहून काढला, म्हणजे ते एकेक करून बाहेर येते. बाहेर घेतलेला चहा, पुडीतला खाऊ, पिशवी घरी विसरल्यामुळे विकत घेतलेली दुसरी पिशवी, एकदा आणावयाचे राहिलेले जिन्नस आणण्यासाठी रिक्षाने केलेली दुसरी खेप. यांतील एकही खर्च मोठा नसतो. परंतु दिवसाला केवळ १० रुपये असे गेले तरी महिन्याचे ३०० आणि वर्षाचे ३,६५० रुपये होतात. थेंबे थेंबे तळे साचते, तसे थेंबे थेंबे तळे रिकामेही होते. वहीमुळे गळतीची जागा दिसते, आणि दिसलेली गळती बंद करणे फारसे अवघड नसते.

वहीनंतर पाहावयाचे ते स्वयंपाकघर. पाण्याला एकदा उकळी आली की त्याची उष्णता सुमारे १०० अंश सेल्सिअस होते. त्यानंतर भांड्याखालची आच कितीही मोठी ठेवली तरी पाणी त्याहून अधिक तापत नाही. फक्त वाफ जास्त निघते आणि गॅस व्यर्थ जळतो. म्हणून उकळी आल्यावर आच बारीक करावी व भांड्यावर झाकण ठेवावे. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, तिचा दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते. त्यामुळे डाळ-भात लवकर शिजतो. हरभरे, वाटाणे, राजमा यांसारखी कडधान्ये रात्री भिजत घातली तर त्यांना शिजण्यास कितीतरी कमी वेळ लागतो. या युक्त्यांना एक पैसाही पडत नाही. थोडे अगोदर लक्षात ठेवावे लागते एवढेच.

विजेचेही असेच आहे. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले की १ युनिट वीज खर्च होते. ६० वॅटचा तारेचा जुना दिवा रोज ५ तास लावला, तर ३० दिवसांत ९ युनिट वीज लागते. जवळजवळ तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढाच वेळ लावला, तर १.३५ युनिट पुरते. असा एक दिवा बदलला की महिन्याला साडेसात युनिटांहून अधिक वीज वाचते. आणि खोलीत कोणी नसताना पंखा व दिवा बंद करण्यास तर नवी वस्तू विकत घ्यावी लागतच नाही.

नळाच्या गळतीकडे कोणी पाहत नाही, कारण ती थेंबाची असते. पण दिवसाचे सेकंद असतात ८६,४००. दर सेकंदाला एक थेंब गळला आणि सुमारे २० थेंबांचे एक मिलिलिटर धरले, तर दिवसाकाठी चार लिटरांहून जास्त पाणी वाया जाते. महाराष्ट्रातील ज्या गावांना उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याची वाट पाहावी लागते, तेथील माणसांना या चार लिटरांचे मोल सांगावे लागत नाही.

अन्न वाया न घालविण्याची रीत मराठी घरांत जुनीच आहे. रात्री उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात होतो आणि उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा. सायीला विरजण लावले की तिचे लोणी, लोण्याचे तूप आणि खाली उरलेले ताकही कढीला उपयोगी पडते. कोथिंबिरीची कोवळी देठे वाटणात जातात, दोडक्याच्या शिरांची चटणी होते. अर्थात आंबलेले, बुरसटलेले अन्न खाणे ही काटकसर नव्हे. चार घास वाचवून औषधाला पैसे देण्यात कसला आला आहे शहाणपणा?

कपड्यांच्या बाबतीत तर आजीचे डोळे फार तयार असतात. विटलेले लुगडे वा साडी टाकून देण्याची वस्तू आहे, असे तिला वाटतच नाही. मऊ झालेल्या जुन्या साड्यांचे थर एकावर एक घालून, त्यांना धावदोरा घालून तिने शिवलेली गोधडी थंडीत विकतच्या पांघरुणापेक्षा कमी ऊब देत नाही. उरलेल्या तुकड्यांच्या बाजाराच्या पिशव्या होतात आणि अगदी शेवटी राहिलेल्या चिंध्यांचे पायपुसणे. मुलांनाही हा धडा गिरविता येतो. गेल्या वर्षीच्या वह्यांतील कोरी पाने काढून शिवली, तर कच्च्या कामासाठी एक चांगली वही तयार होते. नीट वापरलेली पुस्तके धाकट्या भावंडांना वा शेजारच्या मुलांना पुढील वर्षी उपयोगी पडतात.

यापुढे मात्र एक अडचण येते. वस्तू एकदम जास्त घेतली तर बहुधा स्वस्त पडते. पण ज्याच्या हातात पैसा थोडा, त्याला रोज थोडी थोडीच घ्यावी लागते. पाव किलो डाळ आणि छोट्या बाटलीतले तेल घेणारा मनुष्य त्याच मालाला पुष्कळदा जास्त दाम मोजतो. गरिबी ही अशी महाग असते. यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे थोडे पैसे वाचतील, त्यांतून पुढील महिन्याचा किराणा एकदम भरणे. त्यात जे वाचेल ते पुढे सुगीच्या दिवसांत उपयोगी पडते. पीक नुकतेच बाजारात आलेले असते तेव्हा धान्य सहसा स्वस्त मिळते. एका घराला गव्हाचे पोते घेणे झेपत नसेल, तर तीन घरांनी मिळून ते घ्यावे व वाटून न्यावे. धान्याला कडक ऊन दाखवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ते कोरड्या कोठीत भरले म्हणजे किडीचे भय कमी होते. उन्हाळ्यात घातलेले पापड, कुरडया, सांडगे हीसुद्धा पावसाळ्यात भाजी महागते तेव्हाची बेगमीच असते.

साठा करून ठेवला म्हणजे काम संपले असे मात्र नाही. तो पुरवून पुरवून वापरला पाहिजे. छत्रपती शिवाजी महाराजांनी इ. स. १६७३–७४ च्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी जमविलेले दाणे आणि गवत आताच बेहिशेबी वापरले, तर भर पावसात काही मिळणार नाही व घोडी मरतील, असे त्यांनी बजावले. मग सैनिक गोरगरीब रयतेच्या घरी शिरून धान्य, लाकूडफाटा, भाजीपाला उचलू लागतील व रयतेला त्रास होईल, ही खरी चिंता त्या पत्रात आहे. रात्री दिवा तसाच जळत ठेवल्यास उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतकी बारीक गोष्टही त्यात सांगितली आहे. एवढे मोठे राज्य उभे करणारा राजा दिव्याच्या वातीकडेही लक्ष देत होता! एकाने केलेल्या उधळपट्टीची झळ शेवटी दुसऱ्याच कोणाला तरी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

घरातही नेमके हेच घडते. हिशेब चुकला की त्याची झळ सर्वांना सारखी लागत नाही. सर्वांना वाढून झाल्यावर आई शेवटी जेवावयास बसते आणि भाजी तिच्याच ताटात कमी पडते. पैसा पुरेनासा झाला की कित्येक घरांत मुलीची शाळा आधी सुटते. म्हाताऱ्या माणसाचे औषध ‘पुढच्या महिन्यात आणू’ म्हणून लांबणीवर पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९–२१ या वर्षांत झाली. तीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. याची कारणे अनेक आहेत; पण पुरेसा व पौष्टिक आहार न मिळणे हे त्यांतील एक मोठे कारण होय. म्हणून आईच्या ताटातील डाळ, मुलांचे दूध, आजीचे औषध आणि मुलीची शाळा यांना हात लावून वाचविलेला पैसा हा खरोखर वाचविलेला पैसा नव्हेच. काटकसर घरातील एकाच माणसाने सोसावयाची नसते. ती सर्वांनी मिळून करावयाची असते.

सर्वांनी मिळून अशी काटकसर केली आणि त्या कुटुंबाने महिन्याला ५०० रुपये मागे टाकले, असे समजू. वर्षाअखेरीस ६,००० रुपये जमतील. ही रक्कम लहान दिसते. पण तिचे खरे मोल संकटाच्या वेळी कळते. वडील आजारी पडले, किंवा पावसाने छप्पर गळू लागले, आणि एकाएकी ६,००० रुपयांची गरज लागली. ज्या घरात शिल्लक नाही, ते सावकाराकडे जाते. सावकाराने दरमहा शेकडा ५ रुपये व्याज लावले, तर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० रुपये नुसते व्याजच भरावे लागते. मुद्दल आहे तेवढेच राहते. ज्या घरात शिल्लक आहे, ते आपल्याच पैशाने औषध आणते, छप्पर शाकारते आणि कोणाच्या दारी न जाता पुन्हा वहीत पहिल्या ५०० रुपयांची नोंद करते.

वाचविलेला पैसा सुरक्षित जागी ठेवावयास हवा. तांदळाच्या डब्यात लपविलेली नोट हरवते, किंवा मोहाच्या क्षणी बाहेर निघते. भारतात टपाल खात्याची बचत बँक १८८२ साली सुरू झाली आणि आज लहान गावांतूनही तिचा लाभ घेता येतो. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना तेथे स्वतःच्या नावाने खाते उघडता येते. गावोगावच्या महिला बचत गटांत दहा ते वीस स्त्रिया एकत्र येऊन दरमहा ठरावीक रक्कम जमा करतात आणि अडल्या-नडल्या सभासदाला त्यातूनच माफक व्याजाने कर्ज देतात. अशा गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम नाबार्डने १९९२ साली हाती घेतला. एकट्या घराची मूठभर बचत दहा घरांच्या बचतीत मिळाली, की तिला बळ येते.

आता त्या जुन्या म्हणीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. अंथरूण पाहावे, म्हणजे आधी हिशेब करावा. पाय पसरावे, म्हणजे जे आवश्यक आहे ते न चुकता करावे. आणि घरातील पाचही माणसांनी मिळून थोडे थोडे राखले, तर आजीने गोधडीला जोडलेल्या तुकड्यांप्रमाणे आखूड अंथरूणही हळूहळू वाढविता येते. मात्र ते वाढले, की त्याखाली सर्वांचे पाय मावले पाहिजेत.