विश्लेषण : खुब्याच्या शस्त्रक्रियेत ज्येष्ठांना पूर्ण भूल धोक्याची असते का?

बाथरूममध्ये पाय घसरून आजी पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली, की घरात भुलीची चर्चा सुरू होते. ‘या वयात पूर्ण भूल झेपेल का? कमरेत इंजेक्शन देऊनच करा,’ असा आग्रह नातेवाईक धरतात. या भीतीला आधार आहे का, हे दोन मोठ्या वैद्यकीय चाचण्यांनी तपासले आहे.

दोन्ही पद्धतींत फरक काय?

कमरेतून दिल्या जाणाऱ्या, म्हणजेच स्पायनल भुलीत बारीक सुईने मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात औषध सोडले जाते. कमरेखालचा भाग काही तास बधिर होतो. रुग्ण जागा असतो किंवा त्याला हलकी गुंगी दिली जाते. पूर्ण भुलीत प्रोपोफॉलसारख्या औषधाने रुग्णाला बेशुद्ध करतात. श्वासासाठी सहसा घशात नळी बसवली जाते.

स्पायनल अधिक सुरक्षित, हा समज कशामुळे?

पूर्वीचे बरेच अभ्यास रुग्णालयांतील नोंदींवर आधारित होते. त्यातील काहींत स्पायनलचे निकाल चांगले दिसले. मात्र कोणाला कोणती भूल द्यायची, हे डॉक्टरांनी प्रकृती पाहून ठरवलेले होते. त्यामुळे फरक भुलीमुळे पडला की मुळात प्रकृतीच वेगळी होती, हे सांगणे कठीण होते. यावर उपाय म्हणजे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे रुग्णांची दोन गटांत विभागणी करणे.

चाचण्यांत काय आढळले?

अमेरिका व कॅनडातील ४६ रुग्णालयांत ‘रीगेन’ ही चाचणी झाली. त्यात ५० वर्षे व त्यावरील १,६०० रुग्ण होते. ६० दिवसांत मृत्यू झालेले किंवा आधार घेऊनही सुमारे १० फूट चालू न शकणारे रुग्ण स्पायनल गटात १८.५ टक्के, तर पूर्ण भुलीच्या गटात १८ टक्के होते. केवळ मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे ३.९ आणि ४.१ टक्के होते. म्हणजे दखल घ्यावी असा फरक नव्हता.

भुलीनंतर ‘डोक्यावर परिणाम’ होतो का?

शस्त्रक्रियेनंतर काही ज्येष्ठ बरळतात, माणसे ओळखत नाहीत, वेळ-जागेचे भान हरपते. याला डिलिरियम म्हणतात. चीनमधील ९ रुग्णालयांत ६५ वर्षे व त्यावरील ९५० रुग्णांवर ‘रागा’ चाचणी झाली. पहिल्या ७ दिवसांत डिलिरियमचे प्रमाण कमरेतून भूल दिलेल्या गटात ६.२ टक्के, तर पूर्ण भुलीत ५.१ टक्के होते. विशेष म्हणजे, पहिल्या गटातील रुग्णांना गुंगीचे औषधही दिले नव्हते. ‘रीगेन’मध्येही याबाबत दोन्ही गट जवळपास सारखेच राहिले.

मग कोणतीही भूल चालेल का?

तसे नाही. ‘रीगेन’मध्ये दोन्ही पद्धती चालू शकतील असेच रुग्ण घेतले होते आणि ते पडण्यापूर्वी चालते-फिरते होते. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, पाठीत सुईच्या जागी संसर्ग असेल किंवा हृदयाची झडप फार अरुंद झाली असेल, तर स्पायनल टाळावी लागू शकते. फुप्फुसाचा गंभीर आजार असल्यास पूर्ण भुलीबाबत अधिक विचार करावा लागतो.

नातेवाइकांनी काय करावे?

सुरू असलेल्या सर्व गोळ्या, जुने आजार, ॲलर्जी आणि आधीच्या भुलीचा अनुभव भूलतज्ज्ञांना सांगावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा शेवटचा डोस कधी घेतला, हे आवर्जून कळवावे. स्वतःहून गोळी बंद करू नये. वेदना कमी करण्यासाठी नस बधिर करण्याचे इंजेक्शन मिळेल का, रुग्णाला केव्हा उभे करणार, हेही विचारावे. ‘पूर्ण भूल नकोच’ या हट्टापायी शस्त्रक्रिया मात्र लांबवू नये. हाड मोडलेल्या अवस्थेत अंथरुणाला खिळून राहिल्यास न्यूमोनिया, पायात रक्ताची गुठळी आणि पाठीला जखमा होण्याचा धोका दिवसागणिक वाढतो.